मोठ्या खंडानंतर पुन्हा बास्केटबॉल : दम, गुडघे, पोटऱ्या आणि डिसेंबरची मॅच

राजेंद्रनगर_गार्ड

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. मी इंदूरचा, राजेंद्रनगर. वय ४३. शाळेपासून कॉलेज संपेपर्यंत बास्केटबॉल खेळलो, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा, युनिव्हर्सिटीच्या टीमपर्यंत पोचलो होतो. मग पिथमपूरची नोकरी, शिफ्ट, लग्न, मुलं, आणि खेळ सुटला तो सुटलाच. आता आमच्या वेळच्या पोरांनी डिसेंबरअखेर चाळिशीवरच्यांच्या मॅचेस ठरवल्यात आणि ग्रुपवर माझं नाव टाकूनही झालंय. आत्ता ऑगस्टचा मधला आठवडा चाललाय, म्हणजे चार महिने हातात आहेत.

मला नुसती जर्सी घालून फोटोला उभं राहायचं नाहीये, खेळायचंय. कॉलेजच्या दिवसांपेक्षा वजन बारा-तेरा किलोंनी जास्त आहे, जिने चढताना उजवा गुडघा थोडा कुरकुरतो, बाकी बीपी-शुगर काही नाही. परवा मुलाबरोबर सोसायटीतल्या रिंगवर गेलो तर हात अजून बरोबर चालतो, ड्रिबल बघावं लागत नाही, पण दोन-तीन फास्ट ब्रेक (बॉल मिळताच समोरच्या रिंगकडे जोरात धाव) मारले की श्वास वर.

विचारायचं असं की आधी महिनाभर धावून दम कमवायचा आणि मग कोर्टवर जायचं, का सरळ कोर्टवरच सुरुवात करायची? ज्यांनी असा मोठा खंड पडल्यावर परत खेळायला घेतलंय त्यांनी जरूर लिहा, कुठलाही खेळ चालेल.

भिया_इंदौरी

भिया, खेळ खेळूनच येतो. उद्यापासून कोर्टवर जा. धावून फक्त धावता येतं.

पिपल्यापाळा_पहाट

भिया यांच्याशी असहमत. मी रोज सकाळी रीजनल पार्कात धावतो, पन्नाशीला आलोय. आधी पाया पाहिजे. सहा आठवडे हळूहळू अंतर वाढवत न्या, पाच किलोमीटर न थांबता जमू दे, वजन दोन-तीन किलो उतरू दे, मग बॉलला हात लावा. गुडघ्यावरचा भार वजनाप्रमाणे वाढतो, हे लक्षात घ्या.

स्कोअरबोर्ड

दम हा प्रत्येक खेळाचा वेगळा असतो हो. सगळ्यात मोठं उदाहरण मायकल जॉर्डनचंच आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये निवृत्त झाला, १९९४ चा सीझन मायनर लीगमध्ये बेसबॉल खेळला, म्हणजे घरी बसून नव्हता, व्यावसायिक खेळाडूच होता, रोज मैदानावर. मार्च १९९५ मध्ये बास्केटबॉलला परत आला, इंडियानाविरुद्ध पहिली मॅच, २८ शॉट मारले त्यातले ७च रिंगमध्ये गेले. मग आठ-नऊ दिवसांत न्यूयॉर्कला ५५ पॉइंट मारले ते खरं, पण त्या सीझनच्या प्लेऑफमध्ये ऑर्लॅंडोकडून टीम हरली आणि तो पहिल्यासारखा दिसत नव्हता. त्यानंतर अख्खा उन्हाळा त्याने बास्केटबॉलसाठीच शरीर तयार केलं आणि पुढच्या सीझनला त्याच्या टीमने, शिकागोने, ८२ पैकी ७२ मॅचेस जिंकल्या.

तर बेसबॉलचा फिटनेस जॉर्डनला पुरला नाही, तिथे जॉगिंगचा फिटनेस बास्केटबॉलला कसा पुरेल?

भिया_इंदौरी

+१ बघा, जॉर्डन माझ्या बाजूने.

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदुरातच, आणि दर पावसाळ्यानंतर 'पुन्हा खेळायला सुरुवात केली' म्हणणारे चाळिशीतले पुरुष माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धावायचं का खेळायचं हा प्रश्न दमाच्या अंगाने विचारला जातोय, पण दादा, तुमचा दम लवकर येईल. खंडानंतर सुरुवात केली की हृदय-फुफ्फुसं पहिली सुधारतात, चार-सहा आठवड्यांत तुम्हाला स्वतःला फरक कळतो. स्नायूंनाही ताकद बऱ्यापैकी लवकर येते, आणि पूर्वी खेळलेल्या माणसाला नवख्यापेक्षा लवकर येते. सगळ्यात मागे राहतात ते टेंडन, म्हणजे टाचेच्या वरची जाड शीर म्हणतो ती आणि गुडघ्याच्या वाटीखालची. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यातलं कोलॅजन बदलायला महिने लागतात. म्हणून धोक्याचा काळ पहिला आठवडा नसतो, पहिल्या आठवड्यात दमच पुरत नाही म्हणून माणूस आपोआप थांबतो. धोका दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. दम आलेला असतो, हात चालायला लागलेला असतो, डोक्याला वीस वर्षांपूर्वीचा खेळ पाठ असतो आणि टेंडन अजून तयार नसतं. ॲकिलिस, म्हणजे तीच टाचेवरची शीर, तुटणाऱ्यांत तीस ते पन्नास वयाचे, अधूनमधून खेळणारे पुरुष सगळ्यात जास्त दिसतात ते यामुळेच.

पिपल्यापाळा काका, धावणं वाईट नाही, पण एका लयीत सरळ धावताना पाय जे करतो ते बास्केटबॉलमध्ये फार थोडा वेळ घडतं. इथे दर दोन-तीन सेकंदांनी हालचाल बदलते, धाव, थांब, बाजूला सरक, उडी, परत वळ. सगळ्यात जास्त भार 'थांब'च्या वेळी आणि उडीवरून उतरताना येतो. ते थांबणं जॉगिंगमध्ये शिकवलंच जात नाही.

भिया, तुम्ही म्हणता तसं कोर्टवर जायचंच आहे, पण मॅच खेळायला नाही. पहिल्या दिवसापासून शूटिंग करा, एका जागी उभं राहून, रिंगच्या जवळून. ड्रिबल करा, चालत लेअप (रिंगजवळ जाऊन हलकेच टाकायचा शॉट) मारा. त्याच्या जोडीला पहिला महिनाभर एक दिवसाआड पायाचं काम. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर उचलायच्या आणि हळू खाली सोडायच्या, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर. एका पायावर सलग वीस-पंचवीस नीट जमायला हव्यात, आजच करून बघा, म्हणजे कुठे आहात ते कळेल. गुडघा सरळ ठेवून करायच्या आणि थोडा वाकवूनही करायच्या, दोन्हीत पोटरीचे वेगवेगळे स्नायू लागतात. बैठका, एक पाय पुढे घेऊन लंजेस, एका पायावर तोल. हे झाल्यावर दुसऱ्या महिन्यात दोरीवरच्या उड्या, छोट्या उड्या, डिफेन्स स्लाइड, म्हणजे गुडघे वाकवून बाजूला सरकणं, अर्ध्या वेगाने. तिसऱ्यात लाइन ड्रिल (कोर्टच्या रेषांपर्यंत धावून परत वळणं) आणि हाफ कोर्टवर तीन-तीन जणांचा खेळ. फुल कोर्ट नोव्हेंबरच्या शेवटाला, त्याआधी नाही.

दुखण्याचा नियम सोपा आहे. खेळताना थोडं दुखलं, दहापैकी तीनपर्यंत, तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकंच असलं पाहिजे. सकाळी उठून पहिली पावलं टाकताना टाच आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडली असेल तर भार जास्त झाला, पुढचा दिवस हलका घ्यायचा.

कॉफीहाउस

वाचनखूण साठवली. फिजिओताई, धन्यवाद. मी टेबल टेनिसवाला आहे पण सगळं लागू पडतंय.

तालीमकाका

ताईंनी बैठका म्हटलं ते वाचून बरं वाटलं. आम्ही मल्हारगंजातल्या तालमीत वाढलो. सूर्यनमस्कार, जोर, बैठका आणि मल्लखांब. मल्लखांब तर २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे, नव्या पिढीला हे माहीत नसतं. माझं वय ६८, आजही सूर्यनमस्कार चुकत नाहीत, मांडी घालून जेवायला बसतो आणि हात न टेकता उठतो. जिमची मशीनं हवीत कशाला? रोज पहाटे बारा सूर्यनमस्कार आणि पन्नास बैठका, डिसेंबरपर्यंत मुलगा घोड्यासारखा होईल.

फिजिओताई

काका, नमस्कार. सूर्यनमस्कार कंबर, खांदे आणि मांडीच्या मागच्या शिरांसाठी उत्तमच. बैठकांचं मात्र सांभाळून, दादांचा गुडघा जिने चढताना कुरकुरतोय, म्हणजे वाटीवर दाब पडतोय. तालमीतली बैठक चवड्यावर पूर्ण खाली जाणारी असते, तिने तो दाब आणखी वाढतो. आधी खुर्चीइतकी खाली, टाचा जमिनीवर, सावकाश. आणि पन्नास एकदम नको, दहा-दहाचे तीन सेट. दुखणं कमी झालं की खोली वाढवायची. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसून राहणं, तीस-चाळीस सेकंद, हेही वाटीखालच्या टेंडनला मानवतं.

तालीमकाका

पटलं. आमचे वस्तादही नव्या पोराला पहिले काही दिवस पूर्ण बैठक मारू देत नसत, आखाड्याची माती खोदायला लावत. त्यातच पाय तयार व्हायचे.

ठोके

मी डॉक्टर आहे, जनरल मेडिसिन. एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. बीपी-शुगर नाही असं धागाकर्ते म्हणतात, शेवटचं कधी तपासलं? चाळिशीनंतर, बराच काळ बैठी नोकरी, वजन वाढलेलं, आणि आता एकदम जोरदार खेळ, तर आधी बीपी, शुगर, लिपिड आणि ईसीजी करून घ्या. घरात वडिलांना किंवा भावाला कमी वयात हार्टचा त्रास झालेला असेल, किंवा तुम्ही सिगरेट ओढत असाल, तर डॉक्टरला विचारून टीएमटीही (ट्रेडमिलवर चालवून घेतात तो ईसीजी) करा. आणि रिपोर्ट नॉर्मल आले तरीही खेळताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यापुढे अंधारी, यातलं काही झालं की तिथल्या तिथे थांबायचं आणि हॉस्पिटल. गॅस झाला असेल म्हणून ओवा खाऊन परत कोर्टवर जायचं नाही. आपल्याकडे हे फार होतं.

लेफ्टहँड_लेअप

दादा लोकांची चर्चा चालली आहे, मधे येते. मी देवी अहिल्या युनिव्हर्सिटीकडून खेळलेली, आता ३६. दुसऱ्या बाळंतपणानंतर खेळायला घेतलं तेव्हा घरचे म्हणाले, थांब जरा, कंबर भरू दे, पण कोणी नीट सांगितलं नाही की नेमकं कशासाठी थांबायचं आणि थांबलेल्या वेळात काय करायचं. बायकांसाठी लिहून ठेवते. बाळंतपणानंतर पहिले तीन महिने तरी धावणं-उड्या नकोत, त्या वेळात चालणं आणि पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे, व्यायाम. उडी मारताना किंवा खोकताना लघवीचा थेंब येतो, जड वाटतं, ही बोलायची लाज वाटते अशी गोष्ट आहे पण फार जणींना होते, आणि ती सहन करत बसायची नसते, त्यावर उपचार आहेत. माझ्या फिजिओने काही महिने व्यायाम करून घेतले, श्वास सोडत उचलायचं वगैरे, आणि मग दोरीवरच्या उड्यांना परवानगी दिली. आज मी रीबाउंडला (रिंगवरून उसळलेला बॉल पकडायला) कोणालाही मागे टाकून उडी मारते आणि मनात दुसरा विचार येत नाही. ते मनातून जाणं माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं.

पोटाच्या मधोमध फट राहिलेली असेल तर क्रंचेस मारत सुटू नका, आधी दाखवून घ्या.

फिजिओताई

लेफ्टहँड, फार महत्त्वाचं लिहिलंस गं. माझ्याकडे येणाऱ्या मुली हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत, दार बंद आहे ना बघून सांगतात. इथे उघड लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार.

बडोदेकर_सेंटर

मी बडोद्याचा, दांडिया बाजार. उंची ६ फूट २, म्हणून आयुष्यभर सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा. वय ४५ होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. खंड वगैरे नव्हता, दर रविवारी खेळायचो. त्या पावसाळ्यात छातीत कफ झाला, डॉक्टरने लिव्होफ्लॉक्सॅसिनचा कोर्स दिला, बरा झालो, पुढच्या रविवारी कोर्टवर. रीबाउंड घेऊन पहिलं पाऊल टाकलं आणि मागून कोणीतरी पोटरीवर लाथ मारली असं वाटलं. वळून बघितलं तर मागे कोणीच नाही. ॲकिलिस पूर्ण तुटलेली. ऑपरेशन, मग बूट, मग कितीतरी महिने टाचा उचलणं.

त्या औषधाच्या गटाने टेंडन कमजोर होऊ शकतं हे मला नंतर कळलं. सांगायचं इतकंच की अँटिबायोटिक चालू असेल किंवा नुकतंच संपलं असेल तर डॉक्टरला 'मी उड्या मारण्याचा खेळ खेळतो' हे सांगा.

ठोके

बडोदेकर म्हणतात ते बरोबर आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन हा गट. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्येच यावर ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढचे आणि सोबत स्टिरॉइड घेणारे यांना धोका जास्त. आपल्याकडे जुलाब झाले की लोक केमिस्टकडून यातल्याच गोळ्या स्वतः आणून खातात, तेवढं बंद करा. गोळी घेऊन झाल्यावरही काही आठवडे जपायचं. टाच दुखायला लागली की खेळ बंद आणि डॉक्टरला फोन.

राजेंद्रनगर_गार्ड

बापरे, हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. बडोदेकरदादा, आता खेळता का?

बडोदेकर_सेंटर

खेळतो तर! अमेरिकेतल्या एनबीए लीगच्या डॉमिनिक विल्किन्सचं उदाहरण समोर ठेवलं होतं. जानेवारी १९९२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी ॲकिलिस तुटली, तेव्हा आजच्यासारखे उपचारही नव्हते, आणि पुढच्या सीझनला गडी मॅचमागे ३० च्या आसपास पॉइंट मारत होता. आपण काही विल्किन्स नाही, पण हाफ कोर्टवर पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, उभं राहून हुक (एका हाताने डोक्यावरून मारायचा शॉट) मारतो, अजून पोरांना अडवता येत नाही.

स्कोअरबोर्ड

विल्किन्सचं नाव काढलंत, दिल खुश. आणि एनबीएच्याच कोबी ब्रायंटने २०१३ मध्ये ॲकिलिस तुटल्यावर लंगडत जाऊन दोन्ही फ्री थ्रो मारले होते ते विसरू नका.

फिजिओताई

मारले, पण माझ्या पेशंटनी ते करू नये. पोटरीवर लाथ बसल्यासारखं वाटलं की पाय टेकायचा नाही, बास.

शिट्टी

मी रेफरी आहे. तब्येतीचं सगळं आलंय, मी नियमांचं लिहितो, कारण जुने खेळाडू परत येतात तेव्हा निम्मी भांडणं इथेच होतात.

गार्डभाऊ, तुमच्या वयाच्या हिशोबाने तुम्ही अगदी सुरुवातीला वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफवाली मॅच खेळला असाल. २००० मध्ये फिबाने (बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना) दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर केले आणि शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, ३० वरून २४ सेकंदांवर आणला. २०१० मध्ये थ्री पॉइंटची लाइन ६.२५ मीटरवरून ६.७५ वर गेली आणि रिंगखालचा तो पसरट की-एरिया (रिंगसमोरचा आखलेला भाग) जाऊन चौकोनी आला. म्हणजे तुमच्या पायांना जी थ्रीची जागा पाठ आहे ती आता दोनची जागा आहे, अर्धा मीटर मागे जावं लागेल, आणि तो अर्धा मीटर पायातून काढावा लागतो, हातातून नाही. रिंगखाली अर्धवर्तुळ आलंय, त्यात डिफेंडर उभा असेल तर साध्या धडकेत चार्ज (आक्रमण करणाऱ्याचा फाउल) मिळत नाही. आक्रमण करणाऱ्या टीमने रिंगला लागलेला बॉल परत घेतला तर आता २४ नाही, १४ सेकंद. आणि २०१७ पासून धावता धावता बॉल हातात घेताना जे पाऊल जमिनीवर असतं ते धरत नाहीत, पुढची दोन मोजतात. आजची पोरं त्यामुळे तीन पावलं टाकल्यासारखी दिसतात, तुम्ही 'ट्रॅव्हल, ट्रॅव्हल' (जास्त पावलं टाकल्याची चूक) ओरडाल आणि रेफरी शिट्टी मारणार नाही.

भिया_इंदौरी

ये तो गलत बात है भिया. तीन पावलं म्हणजे तीन पावलं. आमच्या सरांनी शिट्टी फेकून मारली असती.

शिट्टी

भिया, जागेवरून सुरुवात करताना हा फायदा नाही, फक्त हलता हलता बॉल घेतला तर. मॅचच्या दिवशी माझ्याशी वाद घालायला या, पोहे माझ्याकडून.

छप्पनवाला

अखेर पोहे आले. इंदूरचा धागा आणि इतका वेळ पोहे नाहीत म्हणून मी काळजीत होतो. सकाळी सातला खेळ संपवून पोहे-जिलेबी, खेळाडूचा आहार म्हणून चालेल का ताई?

फिजिओताई

खेळल्यानंतर पोहे चांगलेच, कार्ब्स हवेतच. वर शेव कमी आणि दाणे जास्त घाला, सोबत दूध किंवा दही. जिलेबी रविवारी. खरी अडचण सराफ्याची, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीची, आहे. रात्री साडेअकराला गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाऊन एकला झोपायचं आणि सहाला कोर्ट, यात शरीराची दुरुस्ती व्हायला वेळच मिळत नाही. खेळाच्या आदल्या रात्री सराफा नको.

ठोके

प्रोटीनबद्दल एक ओळ. रोज वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम. शाकाहारी मराठी घरात वरण-भात, पोळी-भाजीत हे भरत नाही, डाळ-उसळी वाढवा, पनीर, दही, सोयाबीन, अंडी चालत असतील तर अंडी. शाकाहाऱ्यांनी बी-१२ आणि डी पण बघून घ्या, थकवा येतो तो सगळा वयाचा नसतो.

सोलवाला

बुटांचं कोणी बोललं नाही. जुने ठेवलेले बूट काढू नका, वर कितीही नवे दिसले तरी वर्षानुवर्षं पडून आतला फोम कडक होतो आणि डिंक सुटतो, खेळताना सोल हातात येतो. सिमेंटच्या कोर्टवर खेळणार असाल तर खालचं रबर जाड आणि कडक घ्या, खाचा खोल असलेलं, आतल्या लाकडी कोर्टचं मऊ रबर महिन्यात घासून जातं. धावायचे बूट बास्केटबॉलला चालत नाहीत, त्यांची टाच उंच आणि बाजू मोकळ्या, बाजूला कट मारला की पाय आतल्या आत घसरतो. दुकानात संध्याकाळी जा, पाय थोडे फुगलेले असतात, आणि खेळायचे मोजे घालूनच मापा.

लेफ्टहँड_लेअप

सोलवाला, उंच बूट घेतले की घोटा मुरगळत नाही असं म्हणतात ते खरं आहे का?

सोलवाला

दुकानात तसंच सांगतात. ताई सांगतील.

फिजिओताई

उंच बुटाच्या भरवशावर राहू नका. घोटा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पायावर उतरल्याने मुरगळतो, तिथे कापडाची कॉलर काही करत नाही. नाडीवाला अँकल ब्रेस वापरला तर फायदा दिसलाय, विशेषतः ज्यांचा घोटा आधी मुरगळलेला आहे त्यांना, कारण एकदा मुरगळलेला परत मुरगळतो. त्याच्या जोडीला एका पायावर तोल. दात घासताना करा, मग उशीवर उभं राहून, मग भिंतीवर बॉल मारत झेलत.

मुरगळलाच आणि चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबलं तर कळ येत असेल, तर एक्सरे. चोळून घ्यायला घेऊन जायचं नाही.

तालीमकाका

हे मात्र ताई अगदी बरोबर. हाड मोडलेलं असताना चोळलेले पाय मी पाहिलेत.

पिपल्यापाळा_पहाट

सगळं वाचलं. धावण्याबद्दल माझं मत थोडं बदललंय, पण इंदूरच्या हवेचं एक सांगतो. सप्टेंबरात दमट असतं, ऑक्टोबरात दुपारी चटका, त्यामुळे सकाळी सहा ते साडेसात हीच वेळ. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास जातो, तेव्हा वॉर्म अप दुप्पट करायचा आणि पहिली दहा मिनिटं पूर्ण बाह्यांचं घालून राहायचं. एका जागी उभं राहून पाय ताणणं हा वॉर्म अप नव्हे, तेवढं मला धावण्यानेच शिकवलंय.

राजेंद्रनगर_गार्ड

मंडळी, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मधे गणपती, नवरात्र झालं, आज हिशोब द्यायला आलोय.

ईसीजी आणि रक्त केलं, लिपिड थोडे वर आहेत, बाकी ठीक, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. टाच उचलण्याची परीक्षा पहिल्याच दिवशी घेतली, डाव्या पायावर आरामात, उजव्यावर निम्म्यातच पोटरी थरथरली. गुडघाही उजवाच. म्हणजे इतकी वर्षं मी सगळं डाव्यावर तोलत होतो आणि मला पत्ताही नव्हता. आता दोन्ही जवळपास सारखे आलेत आणि जिन्यावरची कुरकुर बरीच कमी आहे.

शूटिंग रोज जमत नाही, शिफ्टवर आहे. शिट्टीभाऊंनी सांगितल्यावर नव्या लाइनवरून मारून बघितलं, बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली. मग फ्री थ्रोपासून एकेक पाऊल मागे जात राहिलो, गुडघे जास्त वाकवून. आता जातात. संध्याकाळी रेस कोर्स रोडवर बास्केटबॉल कॉम्प्लेक्सला पोरं खेळतात ते बघत उभा राहिलो, तिथली पोरं 'अंकल, येता का' म्हणाली, आणि मी नाही म्हटलं, कारण ताईंनी नोव्हेंबरच्या शेवटाशिवाय फुल कोर्ट नको सांगितलंय. हे नाही म्हणणं धावण्यापेक्षा जड गेलं.

आता प्रश्न. गेल्या आठवड्यात लाइन ड्रिल सुरू केली, तेव्हापासून सकाळी उठल्यावर उजवी टाच आखडते, पाच-सात मिनिटं चाललं की मोकळी होते. दहापैकी दोन म्हणेन. थांबू का?

फिजिओताई

थांबू नका, पण लाइन ड्रिल दहा दिवस बंद. त्याच्या जागी स्लाइड आणि शूटिंग. टाचा उचलणं चालू ठेवा, उलट आता पाठीवर सॅक घेऊन, वजन घालून, तीन सेकंद वर आणि तीन सेकंद खाली, एक दिवसाआड. आखडणं पूर्ण गेल्यावर लाइन ड्रिल निम्म्या फेऱ्यांनी परत. टाचेपासून थोडं वर बोटाने दाबून बघा, गाठ किंवा सूज लागली तर मला दाखवा किंवा जवळच्या कुणालाही दाखवा, वाट बघू नका.

पूर्ण विश्रांतीने टेंडन बरं वाटतं, पण मजबूत होत नाही, दोन आठवड्यांनी परत तिथेच. म्हणून भार कमी करायचा, शून्य करायचा नाही.

पिथमपूर_मेंटेनन्स

आमच्याकडे बरीच वर्षं बंद पडलेली मोटर चालू करायची असेल तर आधी इन्सुलेशन मोजतात, बिनलोड फिरवतात, मग चौथा हिस्सा, मग अर्धा लोड. पहिल्याच दिवशी फुल लोड देणारा फिटर दुसऱ्या दिवशी सुट्टीवर. ताईंचा प्लॅन तंतोतंत तोच आहे.

भिया_इंदौरी

मी सुरुवातीला सरळ कोर्टवर जा म्हटलं होतं, आणि अजूनही म्हणतो, बॉलपासून लांब राहून खेळ येत नाही. पण फुल कोर्टची घाई नको हे बडोदेकरांचं वाचून पटलंय. गार्डभिया, तुमच्या त्या मॅचेस फुल कोर्टच पाहिजेत का? चाळिशीवरच्यांना थ्री एक्स थ्री मस्त आहे. हाफ कोर्ट, दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट, जे आधी होईल ते.

शिट्टी

भियाची सूचना लाख मोलाची. टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे, दुय्यम खेळ समजू नका. फक्त लक्षात ठेवा, शॉट क्लॉक १२ सेकंदांचा असतो आणि बॉल मरतच नाही, बास्केट झाली की लगेच दुसऱ्यांचा, त्यामुळे धाव कमी असली तरी श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. लांबच्या सरळ स्प्रिंट मात्र वाचतात, आणि तुमच्या टाचेला सध्या तेच हवंय. रोलिंग बदली ठेवा, चार जणांची टीम, दर दोन मिनिटांनी एक बाहेर.

राजेंद्रनगर_गार्ड

ग्रुपवर टाकलं. निम्मे खूश, निम्मे म्हणतात फुल कोर्ट नाही तर काय खेळलो. मधला मार्ग निघालाय, शनिवारी थ्री एक्स थ्री आणि रविवारी एकच फुल कोर्ट मॅच, आठ-आठ मिनिटांचे क्वार्टर, दहा-बारा जणांची टीम म्हणजे सगळ्यांना बाहेर बसायला मिळेल.

लेफ्टहँड_लेअप

आणि बायकांची टीम? आम्ही सहा जणी तयार आहोत, दोघी माझ्याच वेळच्या, चौघी कॉलेजच्या मुलींच्या आया.

राजेंद्रनगर_गार्ड

का नाही! शनिवारी घेऊ. तुम्हाला थ्री एक्स थ्रीचा वेगळा बॉल आणायचा का?

शिट्टी

थ्री एक्स थ्रीला बायका-पुरुष दोघांना एकच बॉल, आकार ६ नंबरचा आणि वजन ७ नंबरचं. रविवारच्या मॅचला पुरुषांना ७ नंबर. माझ्याकडे थ्री एक्स थ्रीचा एक आहे, दुसरा कोणी आणा. सरावासाठी बायकांना साधा ६ नंबर चालेल.

बडोदेकर_सेंटर

शनिवारी रात्रीपर्यंत बडोद्याहून पोचतो. फुल कोर्ट खेळणार नाही, पण थ्री एक्स थ्री सकाळी असेल तर शुक्रवारीच निघतो. वेळ सांगा.

राजेंद्रनगर_गार्ड

शनिवारी सकाळी साडेसात. वॉर्म अप सातला, फिजिओताई घेणार आहेत, आत्ताच फोनवर हो म्हणाल्यात. राहायला माझ्याकडेच या.